विमलताईंनी फ्लॅश मिटवला

विमलताईंनी कुणालाही कधी ‘हसा’ म्हटलं नाही. यवतला हायवेलगत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. फोटोला उभं राहिलेलं कुटुंब उगाच दात काढायला लागलं की त्या कॅमेरा खाली घेत आणि खेकसत, ‘‘हसू येत नसंल तर हसू नका! तोंड हाय तसं ऱ्हाऊ द्या.’’ गिऱ्हाईक दचकायचं, आणि त्या दचकलेल्या, खऱ्या चेहऱ्याचा फोटो ताई टिपायच्या.

मी त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर लग्नाचे अल्बम जुळवायचो. ताई वरवंडजवळच्या एका वस्तीवरच्या. आजोबांपर्यंत घरात मेंढरं, वडिलांनी शेती धरली. नवरा गेल्यावर दिरांनी स्टुडिओ विकायचा सल्ला दिला, तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, ‘‘स्टुडिओ माझा हाय. सल्ला तुमचा हाय, तो तुमी घिऊन जावा.’’

रोलचे दिवस सरले तेव्हा त्यांनी पुण्याहून डिजिटल एसएलआर कॅमेरा आणला. कंपनीचा सगळ्यात साधा, प्लॅस्टिकच्या अंगाचा, सोबत मिळते तीच लेन्स. दुकानदाराने वरच्या चकतीवरची हिरवी खूण दाखवली. ‘‘ताई, हे ऑटो. इथं ठेवायचं, बटण दाबायचं. बाकी सगळं कॅमेरा ठरवतो.’’ ताई तिथेच भडकल्या. ‘‘कॅमेरा ठरवनार? मग मी काय नुसती धरायला हाय?’’ त्यांनी चकती ‘एम’वर नेली, म्हणजे उजेड किती घ्यायचा आणि किती वेळ घ्यायचा हे सगळं आपण ठरवायचं. पुढे ती तिथेच राहिली.

लग्नाच्या मांडवात लाल-पिवळ्या कापडामुळे सगळ्यांचे चेहरे तांबडे यायचे. मग ताई पहिल्या रांगेतल्या एखाद्या म्हाताऱ्यापुढे हात पसरत. ‘‘आबा, टोपी द्या जरा.’’ त्या टोपीचा फोटो घेऊन त्या कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते दाखवून देत. एकदा पांढरं ठरलं की बाकीचे रंग आपोआप जागेवर येत. आबा बोडक्याने बसून राहायचे, पण तक्रार करायची कुणाची छाती नव्हती.

संगीताचं लग्न असंच टोपी मागून टिपलं होतं. सावळी, उंच, कपाळावर मुंडावळ्या धड न राहणारी मुलगी. अल्बम बघायला तिची सासू आली आणि पहिल्याच पानावर थांबली. मला म्हणाली, ‘‘पोरीला जरा गोरी करा की. कॉम्प्युटरवर व्हतं म्हणं.’’

मी काही बोलायच्या आत ताई आतून आल्या. ‘‘व्हतं. तुमच्या पोराला उंचबी करता येतं. करू?’’

सासू अल्बम घेऊन गेली ती तोंड वाकडं करूनच.

त्यानंतर वर्षही पुरतं गेलं नसेल. एका सकाळी हवालदारांचा फोन आला. पंचनाम्याच्या फोटोंसाठी ते ताईंना अधूनमधून बोलवत. ‘‘ताई, बाईमाणूस हाय. तुमीच या.’’ आम्ही माझ्या मोटारसायकलवर त्यांनी सांगितलेल्या वस्तीवर गेलो. विहिरीच्या कडेला गोधडी टाकून तिला निजवलं होतं. ताईंनी तोंडावरचा पदर बाजूला केला. संगीता होती.

‘‘पानी शेंदताना पाय घसरला,’’ सासरा म्हणाला. ‘‘ताई, लांबनं एक-दोन काढा, झालं.’’

ताईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. विहिरीवर चिंचेची गर्द सावली होती. त्या सावलीत कॅमेऱ्याचा फ्लॅश आपणहून टपकन वर आला असता, पण ताईंचा कॅमेरा ‘एम’वर होता. हवालदार म्हणाले, ‘‘अंधार हाय, फ्लॅश मारा.’’ पहिल्या फोटोला ताईंनी तो उघडला. मागच्या पडद्यावर फोटो बघितला, आणि बोटाने दाबून फ्लॅश मिटवला. ‘‘समोरनं एवढा उजेड मारला की गळ्यावरचे वळ धुऊन जात्यात. बघा.’’ त्यांनी हवालदारांना पडदा दाखवला. मग आयएसओ वाढवला, म्हणजे कमी उजेडातही कॅमेऱ्याला दिसावं. फोटोत दाणे येतात त्याने, पण त्यांना सुबक फोटो नको होता. ओल्या मातीत गुडघे टेकून, कोपरं पोटाशी दाबून, श्वास रोखून त्या एकेक फोटो घेत राहिल्या. फांद्यांतून तिरपा येणारा उजेड संगीताच्या मानेवर पडला होता. बोटांचे ठसे निळे-काळे उठले होते. दोन्ही बाजूंना.

सासऱ्याचा आवाज बदलला. ‘‘बाई, डिजिटल हाय न्हवं? एक बटन दाबायचं. पुसून टाका.’’

ताई उठल्या. ‘‘एक जीव पुसलात, तेवढं बास झालं. हे पुसायला माझ्या अंगावनं जावं लागंल.’’

पुढे गावचा एक वजनदार माणूस स्टुडिओत येऊन बसला. गोड बोलला. धंदा, गावकी, विधवा बाईने जपून राहावं, ते फोटो कोर्टात न्यायचे कशाला वगैरे. ताईंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. ‘‘उठा. हितं फोटो काढून घ्यायला बसत्यात.’’ त्या मोसमात ठरलेल्या लग्नांची बोलावणी एकामागून एक रद्द झाली. ज्यांच्या भिंतींवर ताईंनी काढलेले फोटो टांगलेले होते, ती माणसं रस्त्यात त्यांना बघून मान फिरवायची. मला आजही त्यांची नावं पाठ आहेत.

खटला उभा राहिला. कोर्टात सासरच्यांच्या वकिलाने विचारलं, ‘‘असे वळ कॉम्प्युटरवर काढता येतात ना?’’

‘‘येत्यात,’’ ताई म्हणाल्या. ‘‘सावळीला गोरीबी करता येतं. मला सांगितलं व्हतं ह्यांनी. मी केलं न्हाई.’’

तरी नवरा, सासू, सासरा सगळे सुटले. आदल्या दिवशीचं भांडण ऐकलेल्या शेजाऱ्यांना काही आठवेना. डॉक्टरही म्हणाले, वळ विहिरीतून वर काढतानाच्या दोराचे असू शकतात, म्हणून संशयाचा फायदा. कोर्टाच्या आवारातच पेढे वाटले गेले. एकाने ताईंपुढेही पुडा धरला. ताईंनी तो हाताने उडवला. पेढे मातीत गेले आणि तिथले सगळे ताईंनाच बोलू लागले.

काही महिन्यांनी कळलं, संगीताच्या नवऱ्याचं दुसरं लग्न ठरतंय. मुलगी शिरूरकडची. ताईंनी मला एवढंच विचारलं, ‘‘यतूस का?’’ आम्ही एसटीने शिरूरला गेलो, विचारत विचारत घर गाठलं. ताईंनी पिशवीतून फोटो काढले आणि मुलीच्या वडिलांपुढे सतरंजीवर मांडले. ‘‘आधी हे बघा. मग सुपारी फोडा.’’

वडील संतापले. ‘‘कोर्टानं सोडलंय त्याला! तुमी कोन सांगनार? निघा हितनं!’’ त्यांनी ताईंच्या दंडाला धरून उठवलं. ताई जागच्या हलेनात. एवढ्यात मुलगी आतून आली. वडिलांनी ‘आत जा’ म्हणून दटावलं, पण तिने वाकून एक फोटो उचलला. मानेचा. बराच वेळ बघितला. नकळत तिचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला.

‘‘आप्पा,’’ ती वडिलांना म्हणाली, ‘‘मी न्हाई करनार हे लगीन.’’

आणि तिने नाही केलं. पुढे ती नर्सिंगला गेली, एवढं आम्हाला कळलं.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, ‘‘ताई, आता तरी राग शांत झाला का?’’

‘‘कशानं? संगी परत आली का?’’ आणि त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

काही वर्षांनी ताई हृदयविकाराने गेल्या. दहाव्याला बरीच माणसं जमली, मान फिरवणारीसुद्धा. त्यांतला एक जण माझ्या शेजारी बसून हळहळला, ‘‘बाई चांगली व्हती, पर लई तापट.’’

‘‘व्हय, होत्या तापट,’’ मी म्हणालो. ‘‘संगी गेली तेव्हा तुम्ही का नाही तापलात?’’