गोळ्या बंद केल्या तेव्हा

माझा नवरा सिलतऱ्याच्या कारखान्यात क्रेन चालवायचा आणि घरी तोंड. तो गप्प बसू लागला तेव्हाच मी धसका घेतला. मग उजवा हात ढिला पडला, सदऱ्याची बटणं वर-खाली लागू लागली. स्कॅनमध्ये मेंदूत गाठ दिसली. सूज उतरावी म्हणून जवळच्या दवाखान्यात स्टेरॉइडच्या गोळ्या मिळाल्या.

आणि आठवडाभरात साहेब माझ्या वांग्याच्या भाजीला पुन्हा नावं ठेवू लागले! मी पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीभर पेढे वाटले.

मोठ्या हॉस्पिटलात एमआरआय झाला. गाठ जवळजवळ दिसेनाशी झालेली. मी हसले, डॉक्टर हसले नाहीत.

"दीदी, यही तो डर है," ते म्हणाले. त्यांना मेंदूतल्या लिम्फोमाचा संशय होता. हा पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. स्टेरॉइडने तो पुरता मरत नाही, दडून बसतो. त्याला कापून काढत नाहीत, सलाइनमधून जबर औषध देऊन मारतात. पण आधी कवटीला बारीक भोक पाडून तुकडा तपासायचा, आणि आत्ता सुई घातली तर कदाचित हाती काहीच लागणार नाही. म्हणून गोळ्या हळूहळू बंद करायच्या आणि तो परत दिसेपर्यंत थांबायचं.

म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाला मी पुन्हा बिघडू द्यायचं. डॉक्टरचा राग आला, पेढ्यांचाही आला.

"मले बरं वाटून राहिलं, मग गोळी काहून बंद केली वं?" नवरा विचारायचा.

"डॉक्टरनं सांगितलं जी," असं म्हणून मी त्याच्या बटणांकडे पाहायचे.

एका दुपारी भाजीत मीठ घालायचंच राहिलं. तो शेवटच्या घासापर्यंत मुकाट्याने जेवला. मी मोरीत जाऊन रडले आणि मग डॉक्टरांना फोन लावला.

आता सुई घातली आणि कॅन्सर सापडला. लिम्फोमाच. औषध सुरू झालं. दर खेपेला हॉस्पिटलात मुक्काम, सलाइनच्या बाटल्या, त्या औषधापासून मूत्रपिंडं सांभाळायची धडपड.

परवाच्या एमआरआयमध्ये काही दिसलं नाही. घरी येऊन त्याने पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं.

"लयच तिखट केली वं. अन् या खेपी पेढे नाही वाटत का?"

"वाटू जी, जेवा आधी," मी म्हटलं.

अजून आणलेले नाहीत. मागच्या वेळीही तो असाच बरा दिसत होता.