गटार आणि ट्रम्पेट

आमच्या निपाणीत वरात निघाली की पुढं ट्रम्पेट वाजवतो तो माझा बँडमधला जोडीदार. पूर्वी एकदा दारू पिऊन तो चौकातल्या गटारीत वाद्यासकट पडला होता. त्यानंतर कित्येक वर्षं लाजेपोटी वरात मागच्या बोळातनं न्यायचा. मग चर्चला जायला लागला, दारू सुटली आणि बोळही सुटला. आता गटारीपाशी आला की मुद्दाम थांबून ट्रम्पेटवर लांब सूर लावतो. "येशूनं मला हितनंच उचललं," म्हणतो, "मग लाजायचं कशाला?" अवघडायचो तो मीच.

परवाच्या वरातीत नवऱ्याचा मामा झिंगून तिथंच पडला. लोक मोबाईल काढून हसत होते. यानं ट्रम्पेट माझ्या हातात दिला, लाल कोटासकट गटारीत उतरला आणि मामांच्या काखेत हात घातला.

"उठा मामा," तो म्हणाला, "ही जागा माझी हाय."