गाडी मोकलजो बे

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. मी लिहावं असं माझ्याजवळ फार काही नाही, आणि लिहिताना अजून हात अडखळतो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

फोन वाजला तेव्हा ऑफिसात मी एकटाच होतो. बी.ए. करता करता मलकापूरच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये मी बिल्टी लिहायचो. बिल्टी म्हणजे कुठला माल कोणत्या गाडीनं कुठं गेला, त्याचा कागद. फोन घेणं आमच्या जुन्या कारकुनाचं, वानखडेकाकांचं काम. ते चहाला गेले होते.

"गाडी मोकलजो बे, आजे ज," पलीकडून कापसाच्या एका जिनिंगचा गुजराती मुनीम बोलला.

मोकलजो म्हणजे पाठवा, आजे ज म्हणजे आजच, एवढं मला कळायचं. बे मात्र मी आपलाच समजलो, 'काऊन बे', म्हणजे 'का रे', त्यातला. ओळख ना पाळख, आणि थेट बे! राग गिळून "हो" म्हटलं आणि एक गाडी पाठवली.

संध्याकाळी आमचे शेठ तणतणत आले. कापसाच्या निम्म्या गाठी तिथंच राहिल्या होत्या. पार्टी तुटली होती, गिऱ्हाईक कायमचं गेलं होतं.

"दोन सांगितल्या, एक गेली! फोन कोनं घेतला होता?"

मी बिल्टीच्या वहीत डोकं घातलं.

"म्या घेतला," काका म्हणाले. "मले कमी आयकू येते आताशा."

"मग काका, उद्यापासून घरी आराम करा."

बाहेर आल्यावर काकांनी मला थांबवलं. "दोनचा पाढा म्हन बे."

"बे एके बे, बे दुणे..." मुनीमाचा बे तोच होता.

"लहानपनापासून घोकला, अन् फोनवर भेटला तं वळखला नाही!"

"काका, तुमी काऊन नाव घेतलं सोताचं?"

"तुही नोकरी गेली तं कॉलेज सुटन. माहं काय सुटते?"

त्यांच्या बे मध्ये कधी राग नसायचा. तो अजून कानात आहे.

आठवड्यानं मी कॉलेजात मराठीच्या सरांना या बेबद्दल विचारलं. ते म्हणाले, गुजरातीतला बे आणि आपल्या पाढ्यातला बे एकच, संस्कृत 'द्वे' वरून आलेला. हाक मारायचा बे वेगळा, तो 'अबे' मधला. आणि फारसीतून आलेला बे म्हणजे 'विना'. बेघर, बेकार.

बेकार ऐकल्यावर काका आठवले, पुढचं काही कानात शिरलं नाही. तसाच उठलो आणि शेठना खरं सांगितलं.

"आठ दिवसांनी सांगून राह्यला?"

"हो, शेठ."

 शेठनी काकांच्या गावावरून, नांदुऱ्यावरून, जाणाऱ्या ड्रायव्हरला हाक मारली. "काकाच्या घरी जाय. म्हन, शेठनं बोलावलं. चूक आमची झाली."

तो ड्रायव्हर पुढचा माल पोचवून चार दिवसांनी परतला. तोवर मी प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वर करत होतो. तो खाली उतरून आधी पाणी प्यायला, मग त्यानं निरोप सांगितला.

"काका येत नाही म्हने. फोन त्या पोट्ट्याले द्या. अन् त्याले सांगा, आकडा दोनदा इचारत जाय."