टेकचंदचा सातवा हात

टेकचंदचा उजवा हात लकव्यानं गेला, तेव्हा घरात त्याची बायको निर्मलाबाई रडली आणि गावात उपसरपंच घनश्याम गालातल्या गालात हसला. मोहाडीजवळच्या या गावच्या ग्रामपंचायतीत नऊ मेंबर. घनश्यामवर अविश्वास ठराव यायचा होता, त्यासाठी सात हात वर व्हायला हवे होते, आणि सातवा हात टेकचंदचा होता.

डावा वर कर, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण टेकचंद हट्टाला पेटलेला. डाव्या हातानं त्यानं कधी कुणाला सुपारीही दिली नव्हती, मत काय देणार? जेवायलासुद्धा डावा हात लावीना. चार महिने बिचारी निर्मलाबाईच घास भरवत होती.

शेवटी ठराववाल्यांनी गाडी केली आणि त्याला नागपूरला नेऊ लागले. तिथे डॉक्टर डोक्याच्या डाव्या बाजूला चुंबकाचं कडं धरायचे. ना सुई, ना टाका. टक् टक् वाजायचं आणि उजवा अंगठा उडायचा. मग तासभर हाताचा व्यायाम. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण मेहनत सोडू नका, असं डॉक्टर म्हणाले. गावात बातमी पोचली ती अशी, की टेकचंदच्या डोक्यात बटन बसवलं.

घनश्याम बिथरला. त्यानं तहसीलदारांकडे लेखी हरकत दिली, की वर जाईल तो हात टेकचंदचा समजायचा का मशीनचा? साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि बाजूला ठेवला.

सभेत ठरावाच्या बाजूचे हात विचारले. सहा झटकन वर झाले. टेकचंदचा मांडीवरून निघाला, खांद्याशी अडला, थरथरला आणि कानाच्या वर गेला. खिडकीतून बघणाऱ्या निर्मलाबाईनं पदर तोंडाला लावला. हात खाली आला. विरोधातले हात विचारताच टेकचंदनं पुन्हा वर केला. मघाचा खरा होता की नाही, हे त्याला बघायचं होतं. तटस्थ कोण, असं विचारलं, तेव्हाही केला.

मत बाद झालं, ठराव पडला. ठराववाल्यांनी कपाळ बडवून घेतलं. घनश्याम मात्र मशीन लाखमोलाची आहे म्हणून गावभर सांगत सुटला.

घरी निर्मलाबाईनं विचारलं, "तीनदा कोनाच्या बाजूनं केला वो हात?"

टेकचंदनं उजव्या हातानं ताट जवळ ओढलं.

"माह्या."