रोज करते हं प्रार्थना

आधी चहा घ्या, मग सांगते. कारण हे ऐकल्यावर, चहात साखर घातलीय हे माझं म्हणणंसुद्धा तुम्ही चाखूनच खरं मानाल.

गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. मी शरणपूर रोडला राहायचे आणि आमच्या चर्चच्या संडेस्कूलमध्ये शिकवायचे. काय शिकवायचे? तर खरं बोलावं. होय असेल तर होय म्हणावं, नसेल तर नाही. मुलांकडून चांगलं घोकून घ्यायचे, हो!

आता आम्हा ख्रिस्ती लोकांत एक सवय आहे. कुणी अडचण सांगितली की आपण लगेच म्हणतो, "प्रार्थना करते हं तुमच्यासाठी." तुम्ही 'या एकदा घरी' म्हणता ना, तसंच. म्हणणाऱ्याला ठाऊक, ऐकणाऱ्याला ठाऊक. फक्त आमच्या एस्तेरमावशींना ठाऊक नव्हतं. त्या समोरच्याचा शब्द खरा धरायच्या.

एकदा भद्रकालीच्या बाजारात त्यांनी मला गाठलं. माझं सगळं लक्ष मेथीच्या जुडीवर. मावशी हळू आवाजात बराच वेळ काहीतरी सांगत होत्या, मधूनच डोळे पुसत होत्या. मला कळलं ते एवढंच, की काहीतरी मनमाडचं आहे. मी म्हटलं, "रोज प्रार्थना करते, मावशी." घरी आले, मेथी निवडली आणि मावशींना विसरले.

पुढे तीन आठवडे त्या भेटल्या की विचारायच्या, "करतेस ना गं?" मी म्हणायचे, रोज. एकदा तर 'पहाटे उठून' असंही जोडून दिलं. कुणी विचारलं होतं का? पण जीभ एकदा सैल सुटली की थांबते होय? आणि आता 'नक्की कशासाठी हो मावशी?' असं विचारायची सोय राहिली नव्हती.

मग मावशींच्या घरी प्रार्थनासभा ठरली. गेले तर मनमाडचे पाहुणे बसलेले, आईवडील आणि त्यांचा मुलगा. मावशींची नर्स असलेली लेक करुणा कोपऱ्यात. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, सुनंदाबाई या विषयासाठी पहाटे उठतात म्हणे, तर आजची प्रार्थना त्यांनीच करावी.

विषय कुणाला माहीत! मग मी सगळ्या मापांना बसेल अशी प्रार्थना केली. प्रभू, हे मनमाडचं काम लवकर होऊ दे, अडथळे दूर कर, कुणाचं मन कठीण झालं असेल तर ते वळव.

पाहुणे एवढ्या जोरात आमेन म्हणाले, की मी दचकून डोळे उघडले. मुलाचे वडील म्हणाले, पहाटे उठणाऱ्या बाईच्या तोंडून देवाची इच्छाच कळली, आता लग्नाची तारीख काढू. करुणाच्या डोळ्यांत पाणी. मावशींनी माझा पदर ओढला आणि कानात म्हणाल्या, "अगं, मोडावं म्हणून सांगितलं होतं ना!"

म्हणजे भिडेपोटी मावशींना नाही म्हणता येईना, आणि माझ्या थापेवर त्यांच्या पोरीचं लग्न ठरत होतं. मला अशी लाज वाटली, की विचारू नका.

उभी राहिले. म्हटलं, "मी एकही दिवस प्रार्थना केलेली नाही. पहाटे तर मी घोरत असते. विषयसुद्धा मला आत्ता कळला. यात देवाचा काही हात नाही."

पाळकसाहेब उगाचच चष्मा पुसायला लागले. तेवढ्यात करुणा शांतपणे म्हणाली, "मग मीही खरं सांगते. मला हे लग्न करायचं नाही."

पाहुणे जरा रुसले. मुलाने मात्र दोनदा पोहे मागून घेतले.

निघताना मी मावशींचे हात धरून माफी मागितली. रोज करते म्हणाले आणि एकदाही केली नाही, फार चुकलं माझं, म्हटलं.

मावशी म्हणाल्या, "तू प्रार्थना केली नाहीस म्हणून वाईट तर वाटलंच गं. पण आज तुझी प्रार्थना ऐकली आणि वाटलं, नाही केलीस तेच बरं झालं."