गार पत्रा

फोन कानाशी धर पोरी, रागावणारच आहे मी. गावात तळं खोदल्याचा नुसता फोटो बघून कॉलेजात जमवलेली वर्गणी त्या संस्थेला द्यायला निघालीस व्हय?

दुष्काळात चिकलठाण्याला आमच्या गल्लीत एक टँकरवाला यायचा. नाव कधी विचारलंच नाय. पाणी सोडण्याआधी टाकीवर तळहात फिरवायचा; पाणी असेल तिथवर पत्रा गार लागतो. एकदा नाक्यावर दुसराच टँकर, ‘गावाला पाणी चाललंय’ असा फलक लावून देणगी मागत उभा. मी पैसे काढले, तर आमचा टँकरवाला मागून येऊन म्हणाला, “मावशी, फलक काय वाचता? हात लावून बघा.”

पत्रा वरपासून खालपर्यंत तापलेला होता.

आता नळ आलाय, तो टँकरवाला येत नाय. हॉर्न वाजला की अजून दाराशी जाते. तू तरी लवकर ये. त्या तळ्यात दोघी हात बुडवून बघू, मग दे पैसे.