शिकवले की जातात

मेरिदाच्या आमच्या विद्यापीठात प्राध्यापिका एर्मेलिंदा उस्कातेगी यांचे स्थान एखाद्या तपस्विनीचे होते. पर्वतीय बटाट्याच्या लुप्तप्राय जाती रोगाने ग्रासल्या, की मोहरीहूनही सूक्ष्म असे अंकुराचे टोक छेदून त्यातून निरोगी रोप जन्मास घालण्याची विद्या त्यांच्या हातात होती. एकेकाळी ती त्यांनी मुक्तहस्ते दिली. परंतु वेतन नाममात्र झाले, प्रयोगशाळेत पाणी येईनासे झाले, आणि शिकलेला प्रत्येक जण तीच विद्या घेऊन, देश सोडून, कोणी बोगोटाला, कोणी सांतियागोला निघून गेला. अखेरीस बाईंनी एक विलक्षण नियम केला: छेद घेताना खोलीला आतून कडी. न शिकलेली व्यक्ती जाणार तरी कुठे, हा त्यांचा विचार.

त्यामुळे तरुण अध्यापिका निनोस्का दाविला तीन वर्षे केवळ काचेच्या नळ्या धूत आणि उकळत राहिली.

यंदा बाईंच्या उजव्या हाताला कंप सुटला. सुरी स्थिर राहीना. अंकुर चिरडू लागले. अशातच निनोस्काने राजीनामा दिला. बाईंचा जुना सहकारी म्हणून मी तेथेच बसलो होतो.

"चिलीला चाललीस? तुला येतं काय, की ते घेतील?" बाई कडाडल्या.

"हॉटेलात भांडी घासेन, बाई. नळ्या घासायची सवय आहेच की!"

"शिकवलं असतं तर केव्हाच उडाली असतीस."

"शिकवलं असतंत तर राहिले असते. पगार कुणाला पुरतोय इथे? पण हाताला काहीतरी येतंय असं वाटलं, तर माणूस अर्धपोटीही टिकतो. मी रोज आईला काय सांगायचं? आज पाणी उकळलं?"

बाईंनी उठून छेदाच्या खोलीचे दार उघडले. मग क्षीण स्वरात म्हणाल्या, "पोरी, गाडी सोमवारची ना? आत ये."

शनिवार-रविवार बाई तिच्या शेजारी बसून सांगत होत्या, "खोल नको... तिरपी धर... अगं, श्वास रोख!" निनोस्का बुद्धिमान होती, परंतु ही विद्या केवळ श्रवणाने हाती उतरत नाही. एकामागून एक अंकुर वाया गेले.

"वर्षभर तरी हवं गं याला," बाई पुटपुटल्या.

"होतं की, बाई," सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता निनोस्का म्हणाली. "तीन होती."

सोमवारी ती गेली. जांभळ्या बटाट्याच्या एका जातीचा एकच अंकुर शेष होता. बाईंनी स्वतः सुरी उचलली. मी दोन्ही हातांनी त्यांचे मनगट घट्ट धरले. तरीही छेद चुकला.